बाबांसाठी जागा शोधतेय : स्मृतिभ्रंश झालेल्यांची निवासी देखभाल, नागपूर

मोतीबागची_लेक

सगळ्यांना नमस्कार, जय भीम.

चार महिने झाले, हा धागा लिहायचा आणि खोडायचा असं चाललंय. परवा रात्री अडीचला बाबा घरातून निघाले. रात्रीची बाई झोपली होती, कडी त्यांनी स्वतःच काढली. गस्तीवरच्या पोलिसांना ते कडबी चौकात दिसले. पाय अनवाणी, हातात टॉर्च. "सव्वापाचची गाडी आहे, मला जाऊ द्या," म्हणत होते. सदऱ्याच्या खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी होती. पोलिसांनी फोन केला आणि फार मायेनं त्यांना घरी आणून सोडलं. म्हणून आज लिहितेच.

बाबा ऐंशी वर्षांचे. छोट्या लाइनवर, म्हणजे नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजवर, गार्ड होते. ती लाइन २०१५मध्ये बंद झाली, बाबा त्याच्या दहा वर्षं आधीच निवृत्त झाले. आजही इतवारीपासून स्टेशनं ओळीनं म्हणतात : कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, उमरानाला, छिंदवाडा. पण जेवण झालं का, हे पाच मिनिटांनी आठवत नाही. अल्झायमरचं निदान तीन वर्षांपूर्वी झालं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तोवर आईनं किती झाकलं होतं ते नंतर कळलं.

ते इंदोऱ्यात, मी मनीषनगरला. माझी शाळेची नोकरी. भाऊ बंगळुरूला, पैशानं आणि मनानं सोबत आहे. दिवसाची बाई १८,००० आणि रात्रीची २०,००० घेते. दीड वर्षात सात बाया बदलल्या. दर नव्या बाईला बाबा चोर समजतात, आणि तिची ओळख पटेपर्यंत ती सोडून जाते. माझ्याकडे आणून पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव गुदमरला, "घरी चल" हेच दिवसभर.

आतापर्यंत तीन जागा बघितल्या. नावं घेत नाही.

पहिली हिंगणा रोडकडे. चकचकीत, रिसेप्शन, फुलदाण्या. दुपारी चारला गेले तर सगळे म्हातारे टीव्हीसमोर ओळीनं बसलेले, आवाज मोठा, बघत कुणीच नव्हतं. डिपॉझिट किती, ॲडव्हान्स किती, बिल कुणाच्या नावे, हे सगळं मला विचारलं. बाबांबद्दल फक्त एक प्रश्न : "मारतात का?"

दुसरा साधा वृद्धाश्रम. माणसं फार चांगली. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, आम्ही चालते-बोलते, आपलं आपण करणारे घेतो. विसरणारे आमच्याच्यानं सांभाळले जाणार नाहीत." त्यांचा राग आला नाही. खरं बोलले.

तिसऱ्या ठिकाणी "स्मृती विभाग" अशी पाटी होती. आत एक लांब खोली, बाहेरून कडी. एवढंच.

कुणी आपल्या माणसाला अशा ठिकाणी ठेवलं असेल तर सांगा, काय बघू? आणि कुणाला हे करणंच चूक वाटत असेल तर तेही लिहा, मी ऐकीन. मला स्वतःलाच रोज दोन्ही वाटतं.

खामल्याची_काकू

तू विचारलंस म्हणून लिहिते, मनाला लावून घेऊ नको. माझ्या सासूबाईंना नऊ वर्षं घरी सांभाळलं. शेवटची तीन वर्षं त्या मला "बाई" म्हणत. मला ते बाहेर ठेवणं पटत नाही. आपल्या माणसाचा हात अंगावरून फिरतो तो वेगळा.

पण माझ्या घरी मी, नवरा, दीर-जाऊ आणि दोन मोठी मुलं होतो, हेही खरं. रात्री पाळ्या लावता यायच्या. तुझ्याकडे तू एकटी आहेस.

तोवर हे कर. दाराला आतून भिंतीच्याच रंगाचा पडदा लाव. आमच्या सासूबाईंना दार दिसलं की जायचं असे. पडदा लावल्यावर दार शोधतच नसत. कडी डोळ्यांच्या उंचीवर नको, अगदी वर किंवा अगदी खाली लाव. देवळातल्यासारखी छोटी घंटी दाराला बांध. चिठ्ठी कपड्यासोबत धुतली जाते, म्हणून हातात कडं घाल आणि त्यावर नाव-नंबर कोरून घे. बाहेरून कुलूप लावून मात्र कधी जाऊ नको. आग लागली तर काय.

डॉ_वैनगंगा

मी फिजिशियन आहे, नागपुरातच. जागेचं नंतर. आधी काही गोष्टी तपासल्यात का?

तीन वर्षांपूर्वीचं निदान बरोबर असेल, तरी अलीकडे एकदम बिघडलं असेल तर दुसरं कारण शोधायला हवं. बी-१२ची कमतरता आपल्याकडे फार दिसते. थायरॉइड, रक्तातलं सोडियम, लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, ऐकू कमी येणं, नैराश्य, ही सगळी बुद्धी झाकोळतात आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. महिन्या-दोन महिन्यांत पडले असतील तर डोक्याचा सीटी स्कॅन. म्हाताऱ्या माणसात कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि घरच्यांना वाटतं की विसरणं वाढलं.

एक ढोबळ खूण : स्मृतिभ्रंश महिन्यांच्या चालीनं वाढतो. दोन-तीन दिवसांत माणूस बदलला, भास व्हायला लागले, गुंगी आली, तर ते वेगळं दुखणं, त्याला तातडीनं दाखवायचं. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या "आई एकदम भ्रमिष्टासारखी करतेय" केसेस पाणी कमी प्यायल्याच्या असतात. ४५ डिग्रीत ज्याला तहान लागल्याचं सांगता येत नाही, त्याला पाणी तासातासानं हातात द्यावं लागतं. जागा बघताना हे विचारा : पाणी कोण देतं, आणि ते लिहून ठेवतात का?

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या गोळ्या आजार बरा करत नाहीत, काहींना काही काळ आधार देतात. झोपेच्या आणि शांत करायच्या औषधांबद्दल मात्र कडक राहा. "रात्री त्रास देत होते म्हणून दिली" हे कुणी परस्पर करायचं नाही. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात, लेवी बॉडी म्हणतात त्याला, हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं. कोणतं औषध, कुणी लिहून दिलं, किती दिवस, हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे अशी लेखी अट घाला.

तुम्ही एकट्या नाही, हेही सांगतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आढळला, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्या मानानं जागा किती, हे तुम्ही तीन ठिकाणी बघितलंच.

मोतीबागची_लेक

डॉक्टर, आभार. बी-१२ मागच्या वर्षी केलं होतं, यंदा नाही. रेल्वेचं उमीद कार्ड आहे, उद्याच रेल्वे हॉस्पिटलात नेते.

काकू, राग कसला. पडदा आजच लावला. घंटीपण.

कोराडी_ते_कोथरूड

मी मूळचा नागपूरचा, आता पुण्यात. आत्याला इथे अशा ठिकाणी ठेवलंय, दोन वर्षं झाली. आधी शब्दांचा घोळ सोडवतो, कारण जाहिरातीत सगळे सगळंच म्हणतात.

ज्येष्ठांची सोसायटी, म्हणजे फ्लॅट तुमचा, वर मेस, डॉक्टरची फेरी, रॅम्प, बेल. धडधाकट माणसांसाठी. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे आंघोळ, कपडे, औषधं यांत रोज कुणीतरी हात देणारं, पण माणूस आपलं डोकं चालवू शकतो. मेमरी केअर म्हणजे ज्यांचं भान सुटलंय त्यांच्यासाठी. तिथे रचना, माणसं, दिवसाचा क्रम, सगळंच वेगळं लागतं. नर्सिंग केअर म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, नळी, कॅथेटर, जखमा. तुमच्या बाबांना तिसरं हवं. अनेक ठिकाणी तिसऱ्याच्या नावाखाली चौथं देतात. हिंडत्या-फिरत्या माणसाला पलंगावर बसवून ठेवतात आणि सहा महिन्यांत तो खरंच चौथ्यातला होतो.

सत्तरीच्या आत-बाहेर असलेले जे कुणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी : ज्येष्ठांच्या प्रकल्पात फ्लॅट घेत असाल तर बिल्डरला लेखी विचारा, "उद्या आमच्यापैकी एकाला स्मृतिभ्रंश झाला तर इथे राहू द्याल का, कोण सांभाळेल?" केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि महारेरानंही २०२४मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम आणले. दारांची रुंदी, लिफ्ट, रॅम्प, हे त्यांत आहे आणि ते हवंच. पण दार रुंद असलं म्हणजे आत सांभाळणारं माणूस असतंच असं नाही.

आणि आत्याला पुण्यात आणल्याचा मला थोडा पश्चात्ताप आहे. जागा चांगली आहे. पण तिथे कुणी तिच्या बोलीत बोलत नाही. ती "काहून बाप्पा?" म्हणते आणि पोरी हसतात. वाईट मनानं नाही हसत, पण ती गप्प होते. नागपुरात जमत असेल तर नागपुरातच ठेवा.

सिस्टर_उमरेड

ताई, मी अशाच एका ठिकाणी अकरा वर्षं काम करते. नाव सांगता येत नाही. जे मी माझ्या आईसाठी बघितलं असतं तेच लिहिते.

जागा संध्याकाळी बघायला जा. साडेपाच ते साडेसात. सकाळी अकराला कुठलीही जागा छान दिसते. दिवस कलला की आमच्या माणसांची घालमेल सुरू होते. "घरी जायचं", "पोरं शाळेतून येतील", "दिवा लावायचाय". त्या वेळी स्टाफ काय करतो ते बघा. दार अडवून "बसा, बसा" म्हणतात, की हात धरून व्हरांड्यात एक चक्कर मारून आणतात? त्याच वेळी पाळी बदलत असेल तर जास्तच नीट बघा. जाणारी बाई येणाऱ्या बाईला काय सांगते, तोंडी सांगते की वहीत लिहिते?

रात्री किती माणसांमागे किती जण, हे विचारा. दिवसाचा आकडा सगळे सांगतात, रात्रीचा विचारल्यावर अडखळतात.

पडण्याचं रजिस्टर मागा. "आमच्याकडे कुणी पडतच नाही" म्हटलं तर दोनच अर्थ : लिहीत नाहीत, नाहीतर चालूच देत नाहीत. चालणारा माणूस कधीतरी पडतो. कुठे पडला, किती वाजता, मग काय बदललं, हे लिहिलेलं असलं तर ती जागा शिकतेय.

फरशी बघा. काळं पायपुसणं आमच्या माणसांना खड्डा वाटतं, ते ओलांडताना तोल जातो. चकाकणारी फरशी पाणी वाटते. पांढऱ्या भिंतीवर पांढरं कमोड त्यांना दिसतच नाही, मग बसायला चुकतात आणि लोक म्हणतात "समज गेली". आम्ही सीट गडद निळी केली आणि अर्धे डायपर कमी झाले. आपल्या नागपुरात कूलर! कूलरचं पाणी जिथे गळतं तिथेच माणसं घसरतात. वायर कुठून गेलीय बघा. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते विचारा.

आंघोळीची वेळ सगळ्यांना एकच असेल तर तिथे घाई आहे समजा. घाईत मारामाऱ्या होतात आणि नंतर "हिंसक पेशंट" असं नाव पडतं. ज्या बाबांना अख्खी नोकरी पहाटे चारला उठायची सवय, त्यांना आठला उठवून नऊला नाश्ता दिला तर ते चिडणारच.

आणि शेवटचं. ते तुमच्या माणसाबद्दल काय विचारतात? आजार किती, डायपर किती, हे सगळेच विचारतात. काय काम करत होते, घरी काय म्हणून हाक मारायचे, उजव्या कुशीवर झोपतात की डाव्या, कशाला घाबरतात, हे कुणी विचारलं का?

मोतीबागची_लेक

सिस्टर, तुमचं वाचून रडले, आणि मग वही काढली. तीन जागांपैकी एकाही ठिकाणी कुणी मला विचारलं नव्हतं की बाबा कोण होते. मला त्याच दिवशी काहीतरी खुपलं होतं, पण शब्द सापडत नव्हता.

नाना_त्रिमूर्तीनगर

मी ७६ वर्षांचा. पत्नी ७३. तिचं निदान पाच वर्षांपूर्वीचं. मूल नाही आम्हाला. सगळं मीच करतो. वेणी घालायला शिकलो, पुडाची वडी सोडून बाकी स्वयंपाक शिकलो.

मागच्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, ते पुढे ढकललं. मी दवाखान्यात गेलो तर हिला कोण बघेल? मला वेगळी जागा नको, दोघांना एकत्र ठेवतील अशी हवी. रात्री ती मला विचारते, "तुम्ही कुणाकडचे?" मी सांगतो, "तुमच्याच घरचा." मग झोपते. हे उत्तर दुसरं कोण देणार तिला?

पेन्शनचाही प्रश्न आहे. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. सही आता जमत नाही.

सिव्हिल_लाइन्स_वकील

नाना, नमस्कार. पेन्शनचं आधी सांगते. सही करता येत नसेल तर बँक अंगठा घेऊ शकते. त्याला दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत, शाखेत कुणी नाही म्हटलं तर हेच सांगा. हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवरही देता येतो.

मोठी गोष्ट पुढची आहे आणि ती फार जणांना उशिरा कळते. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर असेपर्यंतच चालतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१. देणाऱ्याचं भान गेलं की कागद संपला. लोक जपून ठेवतात आणि नेमकी गरज पडते तेव्हा तो उपयोगाचा राहत नाही. पुढे माणसाच्या वतीनं मालमत्तेचे व्यवहार करायचे तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. आपल्याकडे नागपूर खंडपीठ आहे, मुंबईपर्यंत जायला नको, पण वेळ आणि खर्च लागतोच.

म्हणून निदान झाल्याच्या पहिल्या वर्षातच, माणूस समजून-उमजून बोलतोय तोवर, मृत्युपत्र, जोडखातं, नॉमिनेशन करून घ्या, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली आगाऊ निर्देश लिहून प्रतिनिधी नेमून ठेवा. मृत्युपत्राच्या वेळी डॉक्टरचा दाखला जोडला तर पुढे भांडणाची शक्यता कमी होते. त्यांनाच विचारा, "पुढे कुठे राहायला आवडेल?" हे विचारणं अवघड जातं. पण विचारलं नाही तर नंतर सगळं आपणच ठरवतो आणि जन्मभर शंका राहते.

करार करताना : डिपॉझिट कधी आणि किती परत, दर वर्षी वाढ किती, दवाखान्यात कुणी न्यायचं आणि निर्णय कुणाचा, आणि "आता आम्हाला झेपत नाही" म्हणून काढायचं असेल तर किती दिवसांची नोटीस. शेवटचं कलम अनेक करारांत नसतं. एका कुटुंबाला चोवीस तासांत आईला घेऊन जा म्हणून सांगितल्याचं प्रकरण मी पाहिलंय.

घर मुलांच्या नावे आधीच करून दिलं असेल आणि ते सांभाळत नसतील, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. म्हणून बक्षीसपत्रात ती अट लिहा. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे असतं. कुठे जायचं ते समजत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत, आई धंतोलीत. इथल्या मेमरी केअरमध्ये माझ्या शेजाऱ्यांना भेटायला जातो, म्हणून लिहितो. दोन चांगल्या गोष्टी पाहिल्या. दर खोलीबाहेर काचेची छोटी पेटी, त्यात त्या माणसाचे जुने फोटो, पदक, विणकाम. स्वतःची खोली त्यावरून ओळखतात. आणि चालायचा रस्ता गोल, कुठेच बंद दारापाशी संपत नाही. दोन्हींना फार पैसे लागत नाहीत.

एक पैशाचा प्रश्न. आईच्या आयुष्मान कार्डातून यातलं काही मिळतं का?

डॉ_वैनगंगा

नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४च्या ऑक्टोबरपासून वर्षाला ५ लाखांपर्यंतचं आयुष्मान कव्हर आहे, उत्पन्नाची अट नाही, पण ते दवाखान्यात भरती होण्यासाठी. राहण्याचा, बाईचा, डायपरचा खर्च त्यात बसत नाही. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असाल तर स्मृतिभ्रंशाच्या उपचारावर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट आहे (१९६१च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडीबी), न्यूरॉलॉजिस्टचा दाखला लागतो. बाकी सगळं कुटुंबाच्या खिशातून. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. आजार सरासरी आठ-दहा वर्षं चालतो आणि त्यातले भरतीचे दिवस मोजकेच.

नाना, तुमचं हर्निया पुढे ढकलू नका. ते अडकलं तर मध्यरात्री तातडीनं ऑपरेशन होईल, मग पत्नीसाठी काहीच ठरवायला वेळ मिळणार नाही. पंधरा दिवसांसाठी ठेवून घेणाऱ्या जागा असतात, त्या आधी बघा.

मोतीबागची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय.

बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. थोडा तरतरीतपणा आला, आजार अर्थात तोच आहे.

आणखी दोन जागा बघितल्या, दोन्ही संध्याकाळी. दुसरी शहराबाहेर, बैठी, मागे आंगण आणि कडुलिंब. बावीस माणसं. रात्री स्टाफचे चार जण जागे. मी गेले तेव्हा एक आजी दारापाशी उभ्या राहून "माझी गाय सुटली" म्हणत होत्या. तिथली मुलगी "चला, बघू कुठं गेली" म्हणून त्यांच्यासोबत आंगणात गेली. दोघींनी कडुलिंबापर्यंत जाऊन बघितलं. परत येताना आजी तिला गायीच्या वासराचं नाव सांगत होत्या. मी तिथेच बाकावर बसले.

पडण्याचं रजिस्टर मागितलं, लगेच दिलं. आणि तिथल्या बाईंनी मला पाऊण तास फक्त बाबांबद्दल विचारलं. मी सांगत गेले. गार्ड होते. मोतीबागच्या क्वार्टरमध्ये राहिलो. १४ ऑक्टोबर १९५६ला अकरा वर्षांचे होते, आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी बाबासाहेबांना दीक्षा घेताना पाहिलं. ते पांढरे कपडे, ती गर्दी, आजही तुकड्यातुकड्यात सांगतात. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणतात, त्यात एक शब्द चुकत नाही.

त्या जागेत संध्याकाळी आरती होते. मी भीतभीतच विचारलं, बाबांना सकाळी वंदना म्हणता येईल का? त्या म्हणाल्या, "त्यांच्या खोलीत फोटो कुठे लावायचा तेवढं सांगा. आणि आमच्या पोरींना शब्द लिहून द्या, कुणीतरी सोबत म्हणेल." हा प्रश्न कुणीच विचारायला सांगितला नव्हता, म्हणून इथे लिहून ठेवते. तुमच्या माणसाची सकाळ कशानं सुरू होते ते विचारा आणि त्यांना चालेल का बघा.

महिना ४२,०००. दोन बायांपेक्षा थोडे जास्त. भाऊ अर्धे देतो. वकीलताईंनी सांगितलेलं नोटिशीचं कलम घालून घेतलं, तीस दिवस. ते करारात नव्हतं, पण त्यांनी वाद घातला नाही.

खामल्याची_काकू

बरं केलंस, पोरी. मी आधी जे लिहिलं ते माझ्या घरापुरतं होतं. जाताना त्यांची रोजची चादर आणि उशी ने, न धुता. वास ओळखीचा लागतो.

सिस्टर_उमरेड

काही ठिकाणी "पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका" म्हणतात. तसा सरसकट नियम मला मान्य नाही. कुणाला रोज यावं लागतं, कुणाला दोन दिवसाआड. जेवणाच्या आधी जा, म्हणजे निघताना ते जेवायला बसलेले असतील. "जाते" म्हणत दारात उभं राहू नका. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल-ताशे जवळून जात असतील तर आधी सांगून ठेवा. आमच्याकडे दर वर्षी त्या दिवशी दोघं-तिघं घाबरतात.

मोतीबागची_लेक

दीड महिना झाला. पहिले नऊ दिवस वाईट गेले. बाबा रोज विचारायचे, "ड्यूटी कधी संपते?" मी घरी येऊन जेवायची नाही. दहाव्या दिवशी गेले तर ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले, गळ्यात शिटी. तिथल्या त्या बाईंनी कुठून तरी आणली. संध्याकाळी सगळे जेवायला आत जातात तेव्हा बाबा उभे राहून सगळे आत गेले का बघतात, मग एकदाच वाजवतात आणि शेवटी स्वतः आत जातात. त्यानंतर बाहेर जायचं म्हणत नाहीत. रात्री उठतात अजून, पण जागी असलेली मुलगी त्यांच्याकडून स्टेशनं म्हणून घेते. पाटणसावंगीपर्यंत झोप लागते म्हणे.

परवा मला ओळखलं नाही. "जय भीम, बसा," म्हणाले, आणि खुर्ची सरकवून दिली.

नाना_त्रिमूर्तीनगर

वाचलं. डोळे भरले. तुमच्या त्या जागेत जोडप्यांसाठी खोली आहे का हो? ऑपरेशनची तारीख पुन्हा घेतलीय, पुढच्या महिन्याची.

मोतीबागची_लेक

नाना, विचारलं मी. दोन पलंगांची खोली आहे, सध्या रिकामी. तुमच्या ऑपरेशनपुरतं पंधरा दिवस ठेवून घेतील. तुम्ही बरे झालात की दोघांनी सोबत राहून बघा, मग ठरवा. पण आधी काकूंना एकदा घेऊन या, संध्याकाळी. गुरुवारी मी शाळेतून सुटले की पावणेसहाला गेटपाशी थांबते. पत्ता निरोपात पाठवलाय. काकू काय विणायच्या, कुणाला काय म्हणून हाक मारायच्या, वर्गात कुठली कविता शिकवायच्या, सगळं एका कागदावर लिहून आणा. त्या बाई विचारतीलच.